गाळलेल्या सहा ओळी

महिन्यातून दोनदा मी एस.टी.नं मिरजेच्या बाजूला जातो आणि तिथल्या माळावरच्या क्षयाच्या रुग्णालयात नव्यानं दाखल झालेल्या माणसांजवळ बसतो. मी डॉक्टर नाही. तिथं अकरा महिने काढलेला जुना रोगी, एवढीच माझी ओळख. नवीन माणूस पहिले दोन दिवस काही बोलत नाही. तिसऱ्या दिवशी तो इकडंतिकडं बघून हळूच विचारतो, "घरी सांगायलाच पायजे का वो?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की उत्तर एकदा लिहूनच ठेवावं असं वाटलं. तोंडानं सांगताना मी नेहमी अर्ध्यावर थांबतो. लिहिताना थांबायचं नाही असं ठरवलं आहे.

खिडकीसमोरचा फोटो

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, सांगलीच्या हद्दीला टेकलेलं. घरटी एक माणूस फौजेत. मी गावचा पोस्टमास्तर होतो. पोस्ट म्हणजे माझ्या घराचा सोपा. एक टेबल, एक लाकडी पेटी, शिक्का आणि वजनाचा काटा. बाकी वेळ शेती. एकाहत्तर साली मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो.

खोकला माघापासून होता. पावसाळ्यात अंगावरचे कपडे ढिले झाले. संध्याकाळी कणकण यायची. आषाढ संपता संपता सातारला गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "किती दिवस खोकताय?"

"पावसाळा लागल्यापासून," मी म्हणालो.

म्हणजे पहिलं खोटं मी डॉक्टरांनाच सांगितलं. तेव्हा ते मला खोटं वाटलंही नाही.

त्यांनी एक्स-रे खिडकीसमोर धरला. मागे रस्ता होता, रिक्षा चालल्या होत्या. त्या उजेडात माझ्या छातीचा फोटो, आणि उजव्या बाजूला वरती कापूस पिंजून ठेवावा तसा पांढरा डाग. डॉक्टर म्हणाले, "टीबी आहे. घाबरू नका, बरा होतो. पण दवाखान्यात राहायला लागेल. आणि तोपर्यंत ताट, तांब्या, अंथरूण वेगळं. लहान मुलं जवळ घ्यायची नाहीत. घरात लहान कोण आहे?"

"कुणी नाही," मी म्हणालो. हे खरं होतं. माझी एकुलती मुलगी, मंगल, एकोणीस वर्षांची होती.

मंगलचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा सांगलीला हळदीच्या पेढीवर लिखापढीला. घर चांगलं. लग्न तुळशीच्या लग्नानंतर. टीबीच्या घरातली मुलगी कोण करून घेतं? आमच्याच भावकीत एकाचं ठरलेलं मोडलेलं मी पाहिलं होतं. सातारा स्टँडवर गाडीची वाट बघत मी बोटांवर मोजलं. श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक. चारच महिने. चार महिने गोळ्या घ्यायच्या, लग्न उरकायचं, मग दवाखाना. एक्स-रेचं पाकीट मी गाडीतच बाकाखाली ठेवून उतरलो.

घरी बायकोला, इंदूला, सांगितलं, "छातीत कफ साठलाय. गोळ्या दिल्यात."

"एवढंच ना?" ती म्हणाली.

"एवढंच."

आमच्याकडं तेव्हा नवऱ्याचं जेवण झालं की बाई त्याच ताटात वाढून घेई. त्या रात्रीही इंदूनं घेतलं. मी बघत होतो. ताट धुऊन ठेवलं असतं, तर तिनं कारण विचारलं असतं. म्हणून मी ते धुतलं नाही. चार महिने रोज दोन वेळा ती माझ्या ताटात जेवली आणि मी रोज दोन वेळा गप्प बसलो.

तीनदा वाचायचं

गावात पत्र वाचण्याची एक रीत होती. फौजेतल्या पोराचं पत्र आलं की घरची म्हातारी पोस्टात यायची आणि मी ते तीनदा वाचायचो. पहिल्यांदा खुशाली कळण्यासाठी. दुसऱ्यांदा तिला रडता यावं म्हणून. तिसऱ्यांदा पाठ होण्यासाठी, कारण घरी जाऊन सुनेला शब्दन् शब्द सांगायचा असायचा. तीनदा वाचल्याशिवाय कुणी उठत नसे.

गजराआत्या ही त्यातली सगळ्यात नेमाची. नात्यानं माझी कुणी नाही, गावाच्या नात्यानं आत्या. तिचा मुलगा हणमंत फौजेत होता. सून सुमन, आणि नात शकू, सहा वर्षांची. आत्या शकूला घेऊन यायची आणि शकू थेट माझ्या मांडीवर चढायची. बापाचं पत्र तिला वास घेऊन बघायचं असे.

"आण्णाच्या तंबूचा वास येतुया," ती म्हणायची.

"शेणाचा येतुय," आत्या म्हणायची. "आत्ता गोठ्यातनं आलीयास. मास्तरांचं धोतर खराब करू नगंस."

मी ओळीखाली बोट फिरवत वाचायचो. त्या बोटामागं जाताजाता शकूला अक्षरं लागायला लागली होती. पहिलीत होती. तिचं डोकं बरोबर माझ्या हनुवटीखाली यायचं. खोकला आला की मी तोंड बाजूला करायचो. तेवढं केलं म्हणजे पुरेसं आहे, असं मी स्वतःला समजावलं होतं.

छावणीतलं पत्र

गणपती बसून दोन-तीन दिवस झाले होते. हणमंताचं पत्र आलं. त्याची पलटण पूर्वेच्या हद्दीवर गेलेली होती. ते पत्र मला आजही तोंडपाठ आहे, म्हणून इथं लिहितो.

"ती. गं. भा. आईस हणमंताचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, मी इकडे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवत जावी. आम्ही हद्दीजवळ तंबूत राहतो. आपल्याकडे पाऊस येतो आणि जातो, इथला जातच नाही. पलीकडच्या मुलखात यादवी माजली आहे. एकाच देशातली माणसं एकमेकांच्या जिवावर उठली आहेत. तिकडची माणसं रोज इकडे येतात. डोक्यावर पातेलं, काखेत पोर. आपल्या यात्रेत जेवढी जमतात तेवढी एका दिवसात येतात. काहीजण मोठ्या सिमेंटच्या नळात राहतात. माझी ड्युटी दवाखान्याच्या तंबूला पाणी आणि पेट्या पोचवायची आहे."

इथपर्यंत मी मोठ्यानं वाचलं. आत्या "आगं बया, नळात?" म्हणाली. आणि माझी नजर पुढच्या ओळींवर गेली.

"आई, पुढचं नीट ऐक. इथले डॉक्टरसाहेब सांगतात, ज्याचा खोकला महिना महिना जात नाही त्याचा बेडका तपासून घ्यायचा आणि तपासेपर्यंत लहान पोर त्याच्याजवळ बसवायचं नाही. पोरांना तो आजार डोक्यात जातो. मी इथं रोज बघतो. चैत्रात यात्रेला आलो तेव्हा मास्तरांचा खोकला मला चांगला वाटला नाही. त्यांना मिरजेला दाखवायला सांग. तोवर शकूला त्यांच्या मांडीवर बसू देऊ नको. मास्तर, हे तुम्हीच वाचत असणार. तुमच्याजागी दुसरा कोणी असता तर लिहायला धजलो नसतो. तुमच्यावर भरवसा आहे म्हणून लिहिलं. राग मानू नये."

सहा ओळी होत्या. शकू माझ्या मांडीवर होती.

त्यानं मला तोंडावर विचारलं असतं, तर कदाचित मी खरं बोललो असतो. पण सोप्यात तेव्हा आणखी दोन बायका मनीऑर्डरसाठी बसल्या होत्या. त्यातल्या एकीचं माहेर सांगलीचं. मला मंगलचं लग्न दिसलं, दुसरं काही दिसलं नाही. मी बोट त्या सहा ओळींवरून खाली सरकवलं आणि वाचलं, "सुमनला सांग, भुरी म्हैस विकू नका. शकूला शाळेत पाठवत जा. कळावे."

शकूनं माझं बोट धरलं आणि वर ओढलं.

"मास्तर, हितं माजं नाव हाय. श... कू... ला. हे वाचलं न्हाईसा."

"ते तुझं नाव नाही," मी म्हणालो. "खाली आलं ते तुझं नाव."

"हे बी हाय. बगा की."

"शकू, तुला अजून नीट वाचता येत नाही."

तिनं पुन्हा त्या जागेकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. आणि बोट काढून घेतलं.

आत्या म्हणाली, "गप ए. लय शानी झालीया. मास्तर, पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा त्याच सहा ओळी गाळल्या. तिसऱ्या वेळेस तर अडखळलोही नाही.

पत्र परत द्यायची रीत होती. मी म्हणालो, "उत्तर लिहायला लागेल, माझ्याकडं राहू दे." ते मी पेटीत जुन्या फॉर्मांखाली ठेवलं आणि पुन्हा कधी दिलं नाही. पोस्टमास्तरनं दुसऱ्याचं पत्र ठेवून घेणं याला काय म्हणतात ते मला माहीत होतं.

उत्तर आत्यानं सांगितलं ते लिहिलं. शेवटी एक ओळ माझ्या मनानं घातली: "मास्तरांनी दवाखान्यात दाखवले. साधा खोकला आहे, काळजी नसावी." खाली आत्याचा अंगठा घेतला.

मंगलचं लग्न

लग्न झालं. चांगलं झालं. खोकला दाबायला मी दिवसभर दाढेखाली लवंग धरून फिरत होतो. अक्षता टाकताना उबळ आली ती सनईच्या आवाजात बुडाली. शकू नवीन परकर घालून मांडवात पळत होती. तिलाही बारीक खोकला लागल्याचं सुमन कुणाला तरी सांगत होती. मी ऐकलं. थंडी पडली आहे, असं मनाशी म्हणालो.

मंगल सासरी गेली, आणि तिसऱ्या दिवशी रेडिओवर लढाई सुरू झाल्याचं सांगितलं. सगळं गाव चावडीपुढं जमलं होतं. मी तिथंच खोकलो आणि उपरणं लाल झालं. माझ्याभोवतीची माणसं दोन पावलं मागं सरकली. इंदू मात्र पुढं आली. तिनं उपरणं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं.

मिरजेला जाताना गाडीत ती एवढंच बोलली, "मला तरी सांगायचं हुतं. मी काय मंगलचं लगीन मोडाय निघाले हुते?"

तिचा फोटो स्वच्छ निघाला. मंगलचाही. याचं श्रेय माझं नाही.

वॉर्डातले दिवस

रुग्णालय माळावर होतं. लांब व्हरांडा, कडुलिंबाची झाडं, दोन रांगांत खाटा. पहाटे थर्मामीटर, मग इंजेक्शन, मग मूठभर गोळ्या. त्या घशाखाली गेल्या की अर्धा तास मळमळे. दुपारी दोन तास सक्तीची विश्रांती, बोलायचंही नाही. प्रत्येकाच्या खाटेखाली झाकणाचा थुंकीचा डबा. शनिवारी वजन. पाव किलो वाढलं तरी माणूस लग्नातल्यासारखा हसायचा.

शेजारच्या खाटेवर आटपाडीचे बाबालाल मणेर होते. गावोगावच्या बाजारात बांगड्या भरायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोस्टमास्तर व्हय? मग आजार बी रजिस्टरनं आला आसंल. सही करून घेतलासा का?"

किती महिन्यांनी मी हसलो आणि हसता हसता खोकलो.

एकदा त्यांनी सांगितलं, "मला कळलं त्याच आठवड्याच्या बाजारात मी वरडून सांगितलं. आयाबायांनो, मला टीबी झालाय, माझ्याकडनं बांगड्या भरू नगा. हातात हात घिऊन करायचा धंदा आमचा. बायकू म्हणली, येडं हायसा का, प्वाट कशावर भरायचं? म्हणलं, प्वाट न्हाई भरलं तर मागून खाऊ. दुसऱ्याचं पोर न्हाई मागून आणता येत."

"मग धंदा?"

"बसला की. पार बसला." ते कुशीवर वळले. "पन झोप लागती, मास्तर."

मी त्यांच्याकडं पाठ करून झोपलो. उशीखाली हणमंताचं पत्र होतं. ते घरात ठेवून यायची मला भीती वाटली होती.

गजराआत्या भेटायला आली

माघात शकू आजारी पडली. आधी ताप, मग डोकं दुखतं म्हणून रडणं, मग रडणंही थांबलं आणि नुसती झापड. सांगलीच्या दवाखान्यात नेलं. आजार डोक्यात गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण खोकतं? सुमननं सांगितलं, कुणी नाही. हे मला इंदूनं येऊन सांगितलं, आणि न जेवता परत गेली.

पुढच्या आठवड्यात दुपारी गजराआत्या व्हरांड्याच्या पायरीशी दिसली. सांगलीहून बसनं आली होती. एका हातात दुधाची बाटली, दुसऱ्या हातात पत्र. माझ्याजवळ येऊन खाली बसली.

"आवं मास्तर, काय ही दशा झाली तुमची," ती म्हणाली. "दूध आनलंय. शकूचं हाय, तिला गिळवत न्हाई. नळीनं घालत्यात."

"कशी आहे?"

"डोळं मिटून हाय. दागदर म्हनत्यात, बगू." तिनं पत्र पुढं केलं. "हणमाचं आलंय. तिथला कंपोंडर वाचतो म्हनला. म्हनलं नगं, आमच्या पत्राला आमचं मास्तर हायती. वाचा."

मी पत्र उघडलं. वाचायला लागलो.

"आईस नमस्कार. शकूचं कळलं. रजेचा अर्ज केला आहे. आई, मी भादव्यात छावणीतून लिहिलं होतं, की मास्तरांना खोकला आहे, तपासेपर्यंत शकूला त्यांच्याजवळ बसवू नका. तुमचं उत्तर आलं की त्यांनी दाखवलं, साधा खोकला आहे. म्हणून मी निर्धास्त राहिलो. मग शकूला हे कुणाकडून आलं?"

एकही शब्द गाळला नाही. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता. वाचून झाल्यावर आत्या पत्राकडंच बघत होती, जणू त्यातून अजून काही निघणार होतं.

"आसं कवा लिवलं हुतं त्येनं?" तिनं विचारलं.

"गणपतीत आलेल्या पत्रात. मी वाचलं नाही, आत्या. त्या ओळी गाळल्या. मला तेव्हा माहीत होतं मला काय झालंय. उत्तरातही मी खोटं लिहिलं. तुमचा अंगठा घेतला."

शेजारच्या खाटेवर बाबालाल उठून बसले होते. आत्या ओरडेल, बाटली फेकून मारेल असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. 'मग शकूला हे कुणाकडून आलं' इथं आलो तेव्हा उबळ आली. ती थांबली. मी खोकून पुढं वाचलं.

"आजून एकदा."

तिसऱ्यांदा वाचलं. मग तिनं पत्र घेतलं, घडी केली, कमरेला खोचलं. मी उशीखालचं जुनं पत्र काढून पुढं धरलं. तिनं हात पुढं केला नाही.

"त्ये मी काय करू? मला वाचता येत न्हाई, म्हनूनच तर तुमच्याकडं येत हुते," ती म्हणाली. "पोरगी वाचली तर तिला द्या. तीच वाचंल. न्हाई वाचली, तर तुमी जलमभर वाचत बसा."

दुधाची बाटली तिथंच राहिली. मी ते दूध पिऊ शकलो नाही आणि ओतूनही देऊ शकलो नाही. संध्याकाळी बाबालालनी बाटली उचलली आणि मुलांच्या वॉर्डात देऊन आले. माझ्याशी ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या ताटातलं अंडं माझ्या ताटात ठेवलं आणि म्हणाले, "खावा. मरून कुनाचं काय भागत न्हाई."

हणमंत

शकू जगली. पाच महिने सांगलीच्या दवाखान्यात होती. जीव वाचला, पण डावा कान पूर्ण गेला आणि उजव्यानं मोठ्यानं बोललेलं तेवढं कळे. आजारानं की इंजेक्शनांनी, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

हणमंत उन्हाळ्यात रजेवर आला तेव्हा मला भेटायला आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, स्टुलावर बसला नाही. मी हात जोडले. काय बोललो ते आठवत नाही. तो म्हणाला, "मास्तर, मी तिथं छावणीत रोज बगत हुतो. खोकणारी म्हातारी, तिच्याच अंगावर पोरगं. येका नळात सात-आट मानसं. लांब सरायला जागाच न्हवती त्यांना." वळता वळता म्हणाला, "तुमाला आख्खा सोपा हुता."

मग तो गेला. त्याच्यापेक्षा कठोर काही मला कुणी आजवर बोललेलं नाही, आणि त्यानं आवाजही चढवला नव्हता.

मंगलच्या सासरी कळायचं ते कळलंच. त्यांनी तिला टाकलं नाही. दीड वर्ष माहेरी पाठवलं नाही आणि उठता बसता "सांगितलं का न्हाई" एवढं ऐकवलं. म्हणजे ज्याला भिऊन मी हे सगळं केलं ते तेवढंच होतं. ऐकून घेण्याइतकं.

तुम्ही विचारता म्हणून

घरी सांगायलाच पाहिजे का? होय. त्याच दिवशी. स्टँडवर महिने मोजत बसायच्या आधी. लग्न मोडेल, गिऱ्हाईक तुटेल, शेजारी पाणी देणार नाहीत, यातलं काही होईलही. माणूस ते सोसतो. मी गोळ्यांनी बरा झालो, तुम्हीही व्हाल. पण मी चार महिने जे गप्प बसलो त्याच्यावर गोळी नाही.

रुग्णालयातून सुटलो तेव्हा पोस्टाचा राजीनामा दिला. पत्र मात्र लगेच देऊ शकलो नाही. आणखी पाच महिने ते माझ्याकडं होतं. शकूच्या शाळेतल्या बाईंनी एकदा इंदूला सांगितलं, "पोरगी हुशार आहे, पण पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं की दरवेळी विचारते, हे माझंच नाव आहे ना?" इंदूनं मला ते सांगितलं. तिला कारण माहीत नव्हतं. मला होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र घेऊन गेलो. हणमंत यात्रेच्या रजेवर होता, अंगणात दोरखंड वळत होता. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. आत्यानं मला बघितलं, आत गेली आणि शकूला हाताला धरून घेऊन आली. शकू उंच झाली होती. माझ्या ओठांकडं बघत होती, कारण आता ती तसंच ऐकते.

मी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं आधी वास घेतला.

मग ती अंगणात फतकल मारून बसली आणि मोठमोठ्यानं वाचायला लागली. ऐकू कमी येतं म्हणून तिचा आवाज चढाच असतो. शेजारची माणसं भिंतीवरून डोकावली. ओळीखाली बोट फिरवत ती वाचत होती, मी शिकवलं होतं तसंच. तंबू आला, पाऊस आला, सिमेंटचे नळ आले. मग बोट पुढच्या ओळीवर गेलं. सुमन दारात येऊन उभी राहिली. "तोवर शकूला त्यांच्या मांडीवर..." इथं शकू थांबली.

तिनं बोट त्या शब्दावर दाबून धरलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, माजंच नाव हुतं. मी सांगितलं हुतं तुमास्नी."

ओठांवरून हे तिला अर्धवट कळायला नको होतं. तिची पाटी भिंतीला टेकलेली होती. मी ती घेतली, उंबऱ्याबाहेरच बसलो आणि लिहिलं: 'होय. तू बरोबर वाचलं होतंस. मी खोटं बोललो.' आणि पाटी तिच्यासमोर धरली.

तिनं तेही मोठ्यानं वाचलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग आत्या जोत्यावर टेकली, तिनं शकूच्या खांद्याला हात लावून तिला आपल्याकडं वळवलं आणि एकेक शब्द ओठांनी सुटा करत म्हणाली, "पुन्यांदा वाच."